तिसऱ्या मजल्यावरचे प्रिन्स

जर्मनीत, डार्मश्टाटच्या त्या घरात राहायला गेलो त्या आठवड्यात मी एकदा खालच्या मोठ्या दारापाशी उभी राहून घंटीची बटणं वाचत होते. आमच्या नावाची पट्टी अजून लागायची होती, आणि शेजारी कोण आहेत हे निदान नावानं तरी कळावं एवढाच हेतू. आठ बटणं, आठ नावं. वरून दुसरं नाव इतकं लांब होतं की पट्टीत मावेना, म्हणून शेवटची अक्षरं बारीक करून कोंबली होती. सुरुवात मात्र ठळक होती: 'प्रिन्स'.

तळमजल्यावरच्या फ्राऊ क्लिंग, म्हणजे क्लिंगबाई, भाजीची पिशवी घेऊन आल्या. बिल्डिंगमधल्या त्या सगळ्यात जुन्या भाडेकरू. मी त्या पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "हे आडनाव आहे का?"

"हो, आडनावही आहे आणि प्रिन्सही आहेत," त्या म्हणाल्या. "कचऱ्याचे डबे बाहेर काढायची पाळी या आठवड्यात त्यांचीच आहे. उद्या सकाळी बघशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. सहा फुटांच्या चांगलाच वर गेलेला, पन्नाशीचा एक माणूस पिवळा डबा ओढत फुटपाथकडे चालला होता. पायात रबरी बूट. अंगात मोठ्या मेजवानीला घालतात तसा रेशमी कॉलरचा काळा कोट, आणि त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत रंगानं माखलेल्या. मला पाहून ते थांबले.

"मी हालवर. तू दुसऱ्या मजल्यावरची ना? काल तुझ्या घरातून काहीतरी तडतडल्याचा आवाज आला आणि मग जिनाभर वास. काय होतं ते?"

"मोहरी," मी म्हटलं, आणि घाईघाईनं माफी मागितली. वासावरून शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या येतात हे मी ऐकून होते.

"माफी कशाला? मी माझं दार उघडून ठेवलं होतं."

हालवर नॉर्वेचे. ते सगळ्यांना 'डू' म्हणत, म्हणजे आपलं अरे-तुरे, म्हणून त्यांचं बोलणं इथे मी 'तू' करूनच लिहिते आहे. मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी 'डू' म्हणायची सक्ती केली. जर्मनमध्ये ते जमलं. मनातल्या मराठीत मात्र ते कायम 'ते'च राहिले.

त्यांच्या देशात हे एकेरी बोलणं सर्रास चालतं. पण इथल्या राजघराण्यातल्या पहिल्याच जेवणाला त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना "तू मीठ देतोस का?" म्हटलं आणि टेबलावरचे सगळे काटे-चमचे थांबले. "मीठ आलं," ते सांगत. "पण कुणीतरी तिसऱ्यानंच आणून दिलं."

जर्मनीतली राज्यं कधीच गेली. पदव्याही गेल्या, पण जाता जाता त्या आडनावात शिरून बसल्या. त्यामुळे अशा घराण्यातल्या मुलीशी लग्न करून कुणी तिचं आडनाव लावलं, तर नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराचा मुलगाही कागदोपत्री प्रिन्स होऊन बसतो. हालवर तसे झाले होते. माझं माहेर एका जुन्या संस्थानी गावातलं. तिथल्या राजवाड्यात आता तलाठ्याचं कार्यालय आणि मुलींची शाळा आहे. त्यामुळे संपलेल्या राज्याचे राजे मला नवे नव्हते. फोनवर आईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे घरजावईच की गं!"

हा शब्द मी त्यांना समजावून सांगितला. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात, त्याला सगळे घाबरतात, पण घरजावई झाला की तो ग्रह राहत नाही, हेही सांगितलं. ते जिन्यातच खाली बसले आणि डोळे पुसत हसले. "बारा वर्षं मी यासाठी शब्द शोधत होतो. जर्मनमध्ये नाही, नॉर्वेजियनमध्ये नाही. आणि तुमच्याकडे तो तयार आहे!" त्यानंतर फ्राऊ क्लिंगनी गमतीनं 'महाराज' अशा अर्थाचं काही म्हटलं की ते माझ्याकडे बघून अगदी शुद्ध उच्चार करत, "घरजावई."

तरुणपणी ते लेखक होते. पंचविसाव्या वर्षी त्यांचं कथांचं एक पातळसं पुस्तक आलं आणि त्यांच्या देशात एकदम गाजलं. मग त्याचं जर्मन भाषांतर झालं, आणि ते वाचून दाखवायला ते इथल्या लहान-लहान गावांतून फिरू लागले. अशाच एका गावातल्या ग्रंथालयात तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलीनं त्या दिवसातला एकमेव प्रश्न विचारला. "प्रश्न इतका चांगला होता की मी लग्नच केलं," ते म्हणत. प्रश्न कोणता होता ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. आपल्या घटस्फोटित बायकोबद्दल ते एकही वाकडा शब्द बोलत नसत. "ती चांगली आहे. घर मोठं होतं," एवढंच.

त्या मोठ्या घरात दारं फार होती, आणि प्रत्येक दार दुसरंच कुणीतरी उघडायचं. बारा वर्षांत आपला हात कडीला लागला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या दारात त्यांच्यासाठी कुणी दार धरून उभं राहिलं तर ते आत यायचेच नाहीत. "बंद कर. मी उघडतो." इराला, माझ्या मुलीला, तेव्हा चौथं वर्ष होतं. तिला हा खेळच वाटायचा. ती दार लोटून बंद करायची आणि ते बाहेरून गंभीरपणे उघडून आत यायचे.

ते आता चित्रं काढत, पण त्यांत माणसं नसत. समुद्रही नसे. असत ती कड्या, कोयंडे, मुठी, खिट्ट्या आणि बिजागऱ्या. लहानपणीच्या होड्यांच्या शेडची खिट्टी त्यांनी शंभरदा तरी काढली असेल. माझी पीएचडी धातूंच्या गंजण्यावर होती, खाऱ्या पाण्यात पोलाद कसं झिजतं यावर. हे कळल्यावर ते मला वर घेऊन गेले आणि एकेका चित्रापुढे उभं करून विचारू लागले, "हा गंज बरोबर आहे? खाऱ्या हवेतला असाच असतो?" एका चित्रात मी चूक दाखवली. स्क्रूच्या भोवती गंज आधी धरतो, मध्यभागी नंतर. त्यांनी तिथल्या तिथे ब्रश उचलला. "माझी आई आयुष्यभर याच्याशीच भांडली," ते म्हणाले. "डॉक्टरेटशिवाय."

पुढच्या वेळी भारतातून येताना मी त्यांच्यासाठी गावच्या जुन्या बाजारातून लोखंडी कडी-कोयंडा आणला. विमानतळावर बॅग उघडून पाहणाऱ्या बाईला ते काय आहे हे समजावताना मला घाम फुटला होता. हालवरनी तो दोन्ही हातांत घेतला, कडी कोयंड्यात अडकवली, काढली, पुन्हा अडकवली. "हिचा आवाज वेगळा आहे," म्हणाले. मग तो आवाज ऐकायला त्यांनी फ्राऊ क्लिंगनाही वर बोलावलं.

त्यांच्या आईची एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा अगदी सारखी.

लग्नाला त्या एकट्या आल्या. वडील तेव्हा हयात नव्हते. तीन गाड्या आणि एक बोट बदलून येताना त्यांनी मांडीवर पत्र्याचा एक डबा धरला होता. डब्यात माशाच्या वड्या, घरी केलेल्या. राजवाड्याच्या पायऱ्यांवर एका पांढऱ्या हातमोजेवाल्या माणसानं तो डबा फार अदबीनं त्यांच्याकडून घेतला. त्या संध्याकाळी टेबलावर नऊ प्रकार आले, वड्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. प्रत्येक ताट आलं की आई मान उंच करून बघायच्या. त्या परत गेल्यावर चौथ्या दिवशी हालवर डबा शोधत मुदपाकखान्यात उतरले. डबा फळीवर होता, रिकामा, घासूनपुसून लख्ख केलेला. स्वयंपाकीण पुढे आली आणि म्हणाली, "माफ करा, आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. इतकं चांगलं आम्ही बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं."

"आई प्रत्येक फोनला विचारायची, वड्या आवडल्या का त्यांना? मी सांगायचो, सगळ्या संपल्या. खोटं नव्हतं ना ते?"

मग ते पुढे म्हणाले, "त्या दिवसापासून मी दुपारचा चहा मुदपाकखान्यातच प्यायचो."

लिहिणं का सोडलं, हे मी बरेच महिने विचारलं नव्हतं. एकदा शनिवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं. मला वाटलं होतं, बंदी आली असेल, भांडण झालं असेल.

"छे," ते म्हणाले. "सासरे अतिशय सभ्य माणूस. त्यांनी मला अभ्यासिका दिली. बागेकडे तोंड असलेली. आणि म्हणाले, काय हवं ते लिही. फक्त छापायच्या आधी एकदा आम्हाला वाचायला दे. बस. एवढंच." त्यांनी माझ्या हातातला चिमटा घेऊन दोरीवर लावला. "त्यानंतर मी टेबलाशी बसलो की माझ्या मागे कुणीतरी उभं राहून वाचतंय असं वाटायचं. एक ओळ नाही लिहिता आली. चित्रं मात्र त्यांना कळत नसत. म्हणून चित्रं."

त्यांना त्या मोठ्या घराबाहेर पडून चार वर्षं झाली होती. आता मागे कुणी उभं नव्हतं. तरी ओळ येत नव्हती.

त्यांना एकच मुलगी. योहाना, तेव्हा चौदाची. तिची निवासी शाळा डार्मश्टाटपासून रेल्वेनं तासाभरावर होती, आणि हालवर या गावात राहायचं कारण तेवढंच होतं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ती त्यांच्याकडे येई. समुद्रासाठी हा माणूस किती तळमळतो ते मी पाहत होते. वारा पश्चिमेकडून आला की खिडकीत उभे राहून नाक वर करायचे आणि "नाही," म्हणून खिडकी लावून घ्यायचे. पण गावी जा ना काही दिवस, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "हं, पण मध्ये दुसरा शनिवार येतो." घटस्फोटानंतरही त्यांनी ते लांबलचक आडनाव टाकलं नव्हतं. लोकांना वाटे, मिरवायला ठेवलंय. 'योहानाचं आणि माझं नाव एक असावं, म्हणून ठेवलंय,' असं त्यांनी फक्त एकदा सांगितलं, तेही मी घंटीची पट्टी बदलायला मदत करत होते म्हणून.

एकदा मी जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. बोलणं नेहमीचंच. थंडी फार आहे, काम फार आहे, इरा फार दमवते, तुझी फार आठवण येते. फोन ठेवला तर वरच्या पायरीवर हालवर उभे.

"वडिलांशी बोलत होतीस?"

"नाही, आईशी. का?"

"मग सारखं 'फार, फार' काय म्हणत होतीस?"

त्यांच्या भाषेत 'फार' म्हणजे वडील. मी आमच्या 'फार'चा अर्थ सांगितला: खूप, पुष्कळ, मापाबाहेर. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "योहाना मला फार म्हणायची. चार वर्षांची होईपर्यंत. मग पापा."

ती लहान असताना ते तिच्याशी फक्त नॉर्वेजियन बोलत. तिला सगळं समजे. मग एकदा जेवताना तिच्या आजीनं, म्हणजे हालवरच्या सासूबाईंनी, गोड आवाजात सुचवलं की टेबलावर सगळ्यांना कळेल असं बोलावं. टेबलावर जर्मन सुरू झालं. मग बागेत, मग गाडीत. ती उत्तरं जर्मनमध्येच देऊ लागली होती, त्यामुळे त्यांनाही सोपं झालं. "कुणी तोडलं नाही ते," ते म्हणाले. "मीच थांबलो. रोज थोडा थोडा थांबलो."

माझ्यावर ते रागावले असे एकदाच, आणि ते यावरूनच. इरा किंडरगार्टनला जायला लागून दोन वर्षं झाली होती. मी मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. सकाळच्या घाईत मीही जर्मनवर यायची. असंच एका सकाळी, जोडे घालण्यावरून मी तिच्याशी जर्मनमध्ये वाद घालत होते. वरून हालवर धाडधाड उतरत आले.

"मराठीत बोल तिच्याशी."

"ती उत्तर जर्मनमध्येच देते."

"देऊ दे. जपानीत देऊ दे. तू थांबू नकोस. तुला वाटतं तिला ऐकू जात नाही? सगळं जातं." त्यांचा आवाज इतका चढला की फ्राऊ क्लिंगचं दार किलकिलं झालं. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. गुडघे वाकवून त्यांनी इराच्या जोड्यांचे बंद बांधले, आणि तिलाच विचारलं, "बूट घाल, हे आई कसं म्हणते?" इरानं मराठीत म्हणून दाखवलं. त्या दिवसापासून मी इराशी जिन्यात तरी जर्मन बोलले नाही, आणि घरात तर नाहीच.

शनिवारी योहाना यायची म्हणजे त्यांची आदल्या दिवसापासून लगबग असे. बाह्या स्वच्छ असलेला एकुलता एक शर्ट इस्त्री होई. गाडी अकराची असली तरी ते दहाला स्टेशनावर. ती दिसायला बापासारखी, उंच आणि पुढे झुकलेली, आणि वागायला आजोळच्या माणसांसारखी अत्यंत नीट. जिन्यात भेटली की हात पुढे करून अभिवादन करायची. दोघं टेबलाशी समोरासमोर बसून जेवायचे आणि शाळेबद्दल बोलायचे. चार वाजता ते तिला पोचवून यायचे आणि सरळ वर न जाता आमच्याकडे बसायचे. निखिल, माझा नवरा, क्रिकेट लावून द्यायचा. ते त्यातलं काही न कळता संध्याकाळपर्यंत बघत.

काही शनिवारी ती यायची नाही. परीक्षा, सहल, मैत्रिणीचा वाढदिवस. एकदा त्यांनी आईच्या पद्धतीनं माशाच्या वड्या केल्या होत्या, आणि स्टेशनावर पोचल्यावर तिचा मेसेज आला. ते ताट घेऊन आमच्याकडे आले. निखिलनं तीन खाल्ल्या. इरानं तुकडा तोंडात घालून परत काढला, तेव्हा ते त्या दिवसात पहिल्यांदा हसले, "ही खरं बोलते."

त्याच थंडीत एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. मी तेव्हा प्रबंध लिहीत होते आणि दुपारी घरीच असे. टेबलावर हातानं लिहिलेली चार पानं होती.

"ओळ आली," ते म्हणाले. "पण मोठ्यानं वाचल्याशिवाय मला कळत नाही ती बरी आहे का. तू ऐकशील?"

"मला नॉर्वेजियन येत नाही."

"अगदी बरोबर. म्हणूनच."

आणि असं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, दुपारी, कॉफीनंतर. ते उभे राहून वाचायचे आणि मी खुर्चीत बसून न कळणारं ऐकायची. पहिल्यांदा मी मनातल्या मनात माझे आलेख तपासत बसले. मग हळूहळू आवाजाचं वळण लक्षात येऊ लागलं. इथे कुणीतरी हाक मारतंय, इथे वारा आहे, इथे कुणीतरी ऐकून न ऐकल्यासारखं करतंय. एखादा शब्द ओळखीचा वाटे. 'हाव' सारखा येई. विचारलं तर म्हणाले, समुद्र. आमच्याकडे हाव म्हणजे कितीही मिळालं तरी न भरणारी इच्छा, असं मी सांगितलं. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "मग आमच्या शब्दात काय वेगळं आहे?" आणि पुढचं वाचू लागले.

गोष्ट त्यांच्या आईवडिलांची होती, इतकं त्यांनी सांगितलं होतं. वडील होडी घेऊन गेलेत, हवा बिघडली आहे, आई बटाटे सोलत बसली आहे.

शेवटच्या पानांपर्यंत वसंत आला. तो दुसरा शनिवार होता. योहानाची गाडी अकराची, म्हणून ते नऊलाच वाचायला बसले. मागची काही पानं त्यांनी पुन्हा घेतली. दार उघडंच होतं. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला, आणि मला कुणीतरी आल्यासारखं वाटून मी वळले. दारात योहाना उभी होती, खांद्यावर सॅक. आधीच्या गाडीनं आली असावी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी उठायला लागले तर तिनं मला हातानंच थांबवलं.

हालवरनी पान संपवलं, मान वर केली आणि तिला पाहिलं. हातातले कागद त्यांनी एकदम टेबलावर पालथे घातले, चोरी पकडल्यासारखे.

योहानानं जर्मनमध्ये विचारलं, "मग ते परत आले का?"

"कोण?"

"होडीवाले. आई बटाटे सोलत होती, आणि तिनं एक बटाटा जास्त सोलला, कारण न सोलणं म्हणजे ते येणार नाहीत असं मान्य करणं. तिथे तू थांबलास. आले का ते?"

कागद उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मग न बघताच, नॉर्वेजियनमध्ये, तिला पुढचं सांगू लागले. ती मध्येच जर्मनमध्ये काही विचारी, ते नॉर्वेजियनमध्ये उत्तर देत. एकदा ती एका शब्दापाशी अडली, त्यांनी तो पुन्हा म्हटला, तिनं तो जिभेवर घोळवून पाहिला. मी माझा कप उचलून हळूच खाली आले. त्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे क्रिकेट बघायला आले नाहीत.

पुस्तक पुढच्या वर्षी त्यांच्या देशातल्या एका लहानशा प्रकाशकानं काढलं. लग्नाच्या वेळी ज्यांनी 'मच्छीमार प्रिन्स' म्हणून टिंगल केली होती त्या वर्तमानपत्रांनी दोन-दोन ओळी छापल्या. हालवरना त्याचं काही वाटलं नाही. आधी वाचायला मात्र त्यांनी ते एका माणसाला दिलं होतं. योहानाला. तिला चार महिने लागले, शब्दकोश घेऊन. तिनं समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा त्यांनी मला दाखवल्या. एके ठिकाणी तिनं लिहिलं होतं, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

आणि मग शाळा संपवून अठराव्या वर्षी तिनं जाहीर केलं की ती एक वर्ष नॉर्वेला जाणार. तिकडे भाषा आणि हातकाम शिकवणाऱ्या वर्षभराच्या शाळा असतात, तशा एका शाळेत. शाळा त्यांच्याच किनाऱ्यावरची, त्यांच्या गावापासून एका बोटीच्या अंतरावर.

मला फार आनंद झाला. मी म्हटलं, "आता तुम्हीही जा. आता तर दुसरा शनिवारही तिकडेच गेला."

ते खिडकीच्या चौकटीला टेकून उभे होते. "नाही," ते म्हणाले. "मी गेलो तर ती माझ्याशी जर्मन बोलेल. सवय आहे ती. तिथे मी नसलो तर तिला बेकरीत, बोटीवर, सगळीकडे तेच बोलावं लागेल."

"एक वर्ष?"

"बघू. तिला आवडलं तर जास्त."

"आणि तुम्ही?"

"मी इथे आहे ना. तिचा फोन आला तर उचलायला कुणी हवं."

त्याच उन्हाळ्यात माझं काम संपलं, हॅनोव्हरला नोकरी मिळाली आणि आम्ही ते घर सोडलं. सामानाची गाडी भरत असताना ते दिवसभर जिन्यातून खोकी उतरवत होते. निरोप घ्यायची वेळ आली तेव्हा दिसेनात. फ्राऊ क्लिंग म्हणाल्या, वर गेलेत, हाक मारू नकोस.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. ऑक्टोबरात जुन्या विभागात एक व्याख्यान द्यायला मी डार्मश्टाटला गेले होते. व्याख्यानानंतर त्यांना भेटायला जाणार होते, तसं कळवलंही होतं. सकाळी गाडीतून उतरले आणि समोरच्या प्लॅटफॉर्मवर ते दिसले. आपल्याला घ्यायलाच आलेत असं वाटून मी हात वर केला. पण त्यांचं लक्ष नव्हतं. कानाला फोन होता आणि ते मोठमोठ्यानं, तोंडभरून, नॉर्वेजियन बोलत चालले होते.

आधी मला कळेना काय चाललंय. ते दहा पावलं सरळ जायचे, थांबायचे, काहीतरी ऐकायचे आणि मग डावा हात लांब करून डावीकडे वळायचे. पुन्हा चालायचे. एका ठिकाणी त्यांनी हातानं काहीतरी चुकवल्यासारखं केलं, वर टांगलेलं काही असावं तसं. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मग लक्षात आलं. योहाना त्यांच्या गावात पोचली होती. बोटीच्या धक्क्यावरून घरापर्यंतचा रस्ता ते तिला सांगत होते, आणि सांगता सांगता स्वतः चालत होते.

मी हाक मारली नाही. सामानाची ट्रॉली जाऊ देत ते बाजूला झाले, तसेच बोलत राहिले. उजवीकडे वळले. चढ असावा, कारण पावलं लहान झाली आणि आवाजात धाप आली. मग त्यांनी चालणं थांबवलं, नुसतं ऐकत उभे राहिले, बराच वेळ. चेहऱ्यावर काय होतं ते इतक्या लांबून मला दिसलं नाही.

तिनं तिकडून काहीतरी विचारलं असावं. त्यांनी मान हलवून हो म्हटलं आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलून, तोल सांभाळत, एक उंच पायरी चढल्यासारखा पुढे टाकला. प्लॅटफॉर्म तिथे अगदी सपाट होता.